चार्म: पाहुणा की घरचा?

दोन अप आणि एक डाऊन. प्रोटॉनची ही ओळख मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. आणि ती किती अपुरी, याचा शोध ज्या चिकाटीने घेतला गेला, त्याचं मला फार अप्रूप वाटतं.

चार्म क्वार्क सापडला 1974च्या नोव्हेंबरात, अमेरिकेत एकाच वेळी दोन ठिकाणी: ब्रुकहेवनला सॅम्युएल टिंग यांना आणि स्टॅनफर्डच्या स्लॅकमध्ये बर्टन रिक्टर यांना. 1976चं नोबेल दोघांना मिळालं. हा एकटा क्वार्क अख्ख्या प्रोटॉनपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने जड. जोराच्या टकरीत ग्लुऑनपासून चार्म आणि प्रतिचार्मची जोडी जन्मते, हे सगळ्यांना मान्य होतं. पण तो पाहुणा, टकरीपुरता आलेला. 1980 साली ब्रॉडस्की, होयर, पीटरसन आणि साकाई या चौघांनी मांडलं की तो घरचाही असू शकेल. पुंजयामिकी प्रोटॉनला क्षणभर, चार्म-प्रतिचार्मची जोडी धरून, पाच क्वार्कांच्या अवस्थेत राहू देते. तशी शक्यता शंभरात एखादी. ओळखायची खूणही त्यांनी दिली. जडपणामुळे घरचा चार्म, जेव्हा असेल तेव्हा, प्रोटॉनच्या संवेगातला मोठा वाटा उचलेल.

लगेचच सर्नमधल्या युरोपियन म्युऑन कोलॅबोरेशनने लोखंडावर म्युऑन आदळवून तशी चाहूल दिली. पण हाती मोजकेच बिंदू. त्यांच्यावर पुढे कित्येक वर्षं वाद झाले. हॅम्बर्गच्या हेरा यंत्राने 1992 ते 2007 या काळात प्रोटॉनचं अंतरंग बारकाईने मोजलं, पण चार्मची तिथली मापं मुख्यतः कमी संवेगाच्या बाजूची होती.

हवं ते टोक एलएचसीबी या प्रयोगाच्या टप्प्यात आलं. लार्ज हॅड्रॉन कोलायडरवरचा हा शोधक टकरीच्या एकाच अंगाला, किरणनळीला धरून उभा आहे. त्याच्या सिलिकॉन पट्ट्या किरणापासून जेमतेम 8 मिलिमीटरवर सरकवत. चार्म असलेला कण काही मिलिमीटर जाऊन फुटतो, आणि फुटण्याची ती जागा या पट्ट्यांना दिसे. त्याच टकरीत झेड बोसॉनही जन्मला, तर त्याच्यापासून निघालेले दोन म्युऑन त्याची साक्ष देतात. अशा जोडटकरी मोजल्यावर, किरणाच्या सर्वांत जवळच्या कोनात चार्म अपेक्षेपेक्षा जास्त निघाला.

ऑगस्ट 2022मध्ये एनएनपीडीएफ गटाने जगभरच्या टकरींची आकडेवारी न्यूरल नेटवर्कमधून काढून ‘नेचर’मध्ये निष्कर्ष छापला: घरचा चार्म आहे, पुरावा तीन सिग्मा. म्हणजे निव्वळ योगायोगाने असं दिसण्याची शक्यता हजारात दोन-तीन. ती अवस्था क्वचितच येत असल्याने प्रोटॉनच्या संवेगातला त्याचा सरासरी वाटा मात्र एक टक्क्याहूनही कमी. या क्षेत्रात ‘शोध’ हा शब्द पाच सिग्माशिवाय वापरायचा नाही, असा रिवाज आहे, आणि तो मला योग्य वाटतो. सीटी या दुसऱ्या गटाला तशाच आकडेवारीतून ठाम पुरावा दिसला नाही. त्यांचा आक्षेप मी हलका मानत नाही.

तरी माझा कौल 1980च्या चौघांकडे झुकतो, कारण जादा चार्म दिसला तो त्यांनी सांगितलेल्या टोकालाच. माझ्या शिक्षक मित्रांना एवढीच विनंती: तिसऱ्या वर्षाच्या वर्गात अप-अप-डाऊन लिहून झाल्यावर खडू खाली ठेवू नका. हा न मिटलेला वादही मुलांना सांगा.