केबिनच्या एसीचं स्विच आणि गॅसची जुनी गोष्ट

मे महिन्यात रोटाव्हेटर चालू असताना केबिनचा एसी गेला. पंखा फिरतोय, पण वारं भट्टीचं. मेकॅनिकने लांबूनच सांगितलं, "कॉम्प्रेसर गेला, नवीन टाका." मला काय पटेना.

इंजिन बंद ठेवून फक्त चावी आणि एसी चालू केला. प्रेशर स्विचचं सॉकेट काढून त्याच्या दोन पिनांना क्षणभर तार लावली, तर कॉम्प्रेसरचा क्लच टक्कन बसला. गेज लावलं तर गॅस पुरेसा. म्हंजे मेलं होतं ते बोटाएवढं स्विच. (तार लावून ट्रॅक्टर चालवत बसू नका, पुढं कारण सांगतो.)

आता हे स्विच तिथं कशाला? कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच पाइपातून फिरतं. गॅस गळाला की तेलही परत येत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा फिरून जाम होतो. म्हणून दाब साधारण ३० पीएसआयच्या खाली गेला की स्विच क्लच तोडतं. उलट कंडेन्सर भुशाने चोंदला आणि दाब ४०० च्या आसपास चढला, तरीही तोडतं. आकडे कंपनीनुसार बदलतात.

ट्रॅक्टरला केबिन ही तशी जुनी हौस. अमेरिकेत १९३८ साली मिनियापोलिस-मोलाइनने यूडीएलएक्स नावाचा बंद केबिनचा ट्रॅक्टर काढला. हीटर होता, रेडिओ होता, एसी नव्हता. महाग पडला, दीडशेच्या आसपासच बनले. १९७२ ला जॉन डिअरची साऊंड-गार्ड केबिन आली, तेव्हा कुठं शेतकरी काचेआड गारव्यात बसू लागला.

त्या काळी गॅस असायचा आर-१२. १९७४ ला मोलिना आणि रोलंड या दोन शास्त्रज्ञांनी सांगितलं की असल्या गॅसातलं क्लोरीन वर जाऊन ओझोन खातं. १९८५ ला अंटार्क्टिकावरचं भगदाड जगासमोर आलं. १६ सप्टेंबर १९८७ ला माँट्रियलचा करार झाला, आपला देश त्यात १९९२ ला आला. मग आर-१३४ए आला, त्यात क्लोरीन नाही. (तापमानवाढीला मात्र तोही हातभार लावतो, म्हणून आता त्याच्यावरही गदा आहे.)

गोम इथंच आहे. आर-१२ साध्या खनिज तेलाबरोबर चालायचा. १३४ए त्या तेलात मिसळतच नाही, त्याला पीएजी तेल लागतं. रबरी रिंगाही बदलल्या, आता बहुतेक हिरव्या येतात. आमचा मेकॅनिक नव्या स्विचच्या रिंगेला इंजिन ऑइल चोपडायला निघाला होता! हात धरून थांबवला.

माझ्या ट्रॅक्टरला स्विचखाली ट्यूबच्या व्हॉल्व्हसारखी पिन आहे, त्यामुळं गॅस न सोडता स्विच निघालं, जराशी फुस्स झाली तेवढीच. सगळ्यांना ही पिन नसते. नसेल तर आधी मशीनने गॅस काढून घ्यावा लागतो, नाहीतर स्विच तोंडावर उडेल आणि गॅस कातडी गोठवेल. चष्मा न् हातमोजे दोन्हीकडं पाहिजेतच.

नवं स्विच हलक्या हातानं आवळलं, साबणाचा फेस लावून पाहिला, बुडबुडा नाही. मग कंडेन्सरला आतल्या बाजूनं हवा मारली, तर घमेलंभर गव्हाचा भुसा निघाला. दुपारी दोनला पुन्हा रानात गेलो, काच लावून.