घरगुती संगणक आणि मजकुराची दुसरी प्रत : एक ऐतिहासिक टिपण

प्रस्तावना : घरगुती संगणकाच्या इतिहासात यंत्राचा वेग, किंमत व इंटरनेट यांची चर्चा भरपूर झाली. संगणकातील मजकुराची दुसरी प्रत कोणी व कोठे ठेवायची, हा प्रश्न मात्र दुर्लक्षित राहिला. यंत्र पूर्ववत करणे व मजकूर जतन करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत; रिकव्हरी पार्टिशनमुळे त्यांची सरमिसळ झाली, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

विवेचन : सन १९८३ मध्ये आयबीएमने १० मेगाबाइटची हार्ड डिस्क असलेला ‘पीसी एक्सटी’ बाजारात आणला. सोबतच्या डॉस २.० मध्ये बॅकअप आणि रिस्टोअर या आज्ञा होत्या. एका फ्लॉपीवर ३६० किलोबाइट मजकूर मावत असे. म्हणजे भरलेल्या डिस्कसाठी जवळजवळ तीस फ्लॉपी लागत आणि परत उतरवताना त्या क्रमाने घालाव्या लागत. काम कंटाळवाणे खरे, पण प्रत यंत्राबाहेर राही. पुढे १०० मेगाबाइटच्या झिप डिस्कने व लिहिता येणाऱ्या सीडीने हा गुण कायम राखला.

सन २००० च्या सुमारास चित्र पालटले. अनेक मोठ्या उत्पादकांनी विंडोजची स्वतंत्र सीडी देणे थांबवून हार्ड डिस्कचाच एक भाग राखून ठेवला. एचपीच्या अनेक संगणकांवर सुरुवातीस एफ११ ही कळ दाबली की त्यातील प्रत उतरवून यंत्र कारखान्यातून निघाले तसे करता येई. मात्र या प्रतीत वापरकर्त्याची पत्रे, हिशेब, छायाचित्रे यांना स्थान नव्हते. शिवाय डिस्क निकामी झाली की तिच्यावरील हा भागही जाई.

आपल्याकडे सुटे भाग जोडून घेतलेल्या संगणकांवर असे पार्टिशन सहसा नसे. तेथे डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून ‘महत्त्वाचे ते डी मध्ये ठेवा’ असा सल्ला दिला जाई. व्हायरसमुळे सी फॉरमॅट करावा लागला तरी डी शाबूत राही, एवढ्यापुरता तो योग्यच होता. परंतु ही सर्व अक्षरे बहुधा एकाच डिस्कवरची, हे सांगितले जात नसे.

मराठीत लिहिणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी होती. श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या प्रणालींचे जुने फॉन्ट सी भागात असत. फॉरमॅटनंतर डी मधील फाइल उघडे, पण फॉन्टअभावी पडद्यावर रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक रांग दिसे. प्रत होती, वाचता येत नव्हती. विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरीची सोय झाल्यावरही पुष्कळ मुद्रणव्यवसाय जुन्या फॉन्टांवरच चालू राहिला. त्या काळातील प्रबंध, अंक व पुस्तके यांच्या फाइली जपणाऱ्या ग्रंथालयांना फॉन्टही जपावे लागतात.

बाह्य हार्ड डिस्क घरोघरी सोयीची झाली ती यूएसबी २.० (२०००) मुळे. आधीचा सेकंदाला १२ मेगाबिटचा कमाल वेग ४८० वर गेला. ॲपलच्या ‘टाइम मशीन’ने (२००७) दर तासाला आपोआप प्रत घेण्याची सोय केली. विंडोज ८ मध्ये (२०१२) वैयक्तिक फाइली राखून यंत्र ताजे करण्याचा पर्याय आला. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ने मात्र संगणकाला जोडलेल्या बाह्य डिस्कवरील फाइलीही कुलूपबंद केल्या. डिस्क काढून कपाटात ठेवणाऱ्यांच्या प्रती तेवढ्या त्याच्या हाती लागल्या नाहीत.