परळच्या प्रयोगशाळेतील कमलताई

जयेंद्रगंजातल्या जुन्या मराठी घरांना मुंबईचे ‘टाटा’ चांगलेच ठाऊक आहे. रक्ताच्या तपासणीत पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या निघाल्या आणि डॉक्टरांनी ‘ल्युकेमिया’ हा शब्द उच्चारला, की घरातले कुणीतरी पंजाब मेलचे आरक्षण करायला धावते आणि दादर-परळकडचा एखादा आतेभाऊ आठवतो. तिथे गेल्यावर डॉक्टर भेटतात, नर्स भेटतात. पण या रोगाचे मूळ शोधण्यासाठी ज्यांनी वर्षानुवर्षे काचेच्या भांड्यांत पेशी वाढवल्या आणि उंदीर पाळले, ती माणसे भेटत नाहीत. डॉ. कमल रणदिवे त्यांपैकी एक.

माहेरच्या त्या समर्थ. जन्म पुण्याचा, 8 नोव्हेंबर 1917. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवीत, शाळा हुजूरपागा. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, अशी वडिलांची इच्छा. कमलताईंनी दोन्ही ऐकले नाही. पेशींच्या अभ्यासात एम.एस्सी. केले आणि लग्न केले ते गणिताची आवड असलेल्या श्री. रणदिवे यांच्याशी. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली काम करून 1949 मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली.

त्या काळी ल्युकेमिया म्हणजे काही आठवड्यांचा, फार तर महिन्यांचा हिशेब. 1948 मध्ये अमेरिकेत सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन देऊन काही मुलांचा आजार तात्पुरता मागे हटवला. हे औषध तयार झाले ते आपल्या आंध्रच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेत. पण आजार परत येई. तो का येतो आणि मुळात होतोच का, हे कळायचे तर पेशीलाच विचारायला हवे होते.

पेशीला विचारायचे कसे, हे शिकायला कमलताई रॉकफेलर फेलोशिपवर बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. शरीराबाहेर अखंड वाढत राहणाऱ्या, जगप्रसिद्ध ‘हेला’ पेशी ज्यांच्या प्रयोगशाळेत रुजल्या, तेच हे गाय. परतल्यावर त्यांनी परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची, म्हणजे टिश्यू कल्चरची, प्रयोगशाळा उभी केली. ती देशातली पहिली मानली जाते. पेशींना हवी 37 अंशांची ऊब, नेमके खाद्य आणि कमालीचे सोवळे. एक जंतू शिरला की आठवड्यांचे काम मोरीत! पेशींचे खाद्य आणि रसायने परदेशातून मागवत बसण्यापेक्षा कमलताई व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती इथेच तयार केली. मला त्यांच्या पुरस्कारांपेक्षा ही गोष्ट मोठी वाटते.

उंदरांचे काम तर याहून चिवट. प्रयोगासाठी सगळे उंदीर एकाच रक्ताचे लागतात. असा शुद्ध वाण मिळवायला सख्ख्या भावंडांच्या सलग 20 पिढ्या वाढवाव्या लागतात. एक पिढी साधारण तीन महिन्यांची धरली, तरी पाच वर्षे नुसत्या तयारीत जातात. उंदरांतला ल्युकेमिया विषाणूमुळे होऊ शकतो, हे लुडविक ग्रॉस यांनी 1951 मध्ये दाखवले होते. कमलताईंनी प्राण्यांतल्या कर्करोगाच्या नमुन्यांवरून ल्युकेमिया, स्तनाचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग अभ्यासला आणि अनुवंश, संप्रेरके व विषाणू यांचे नाते तपासले. आज हे सर्वमान्य वाटते, तेव्हा नव्हते.

1966 ते 1970 त्या केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही त्यांनी काम केले. 1982 मध्ये पद्मभूषण मिळाले.

पुढे 1983 मध्ये टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले, तेही रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका लहान मुलीवर. 2024 मध्ये आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या प्रयत्नातून देशी कार-टी उपचार आले. यात रुग्णाच्याच पेशी बाहेर काढून, बदलून, वाढवून परत देतात. पेशी शरीराबाहेर वाढवण्याची विद्या परळला नवखी असताना कमलताई तिथे उभ्या होत्या.

1973 मध्ये सुरू झालेल्या भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या त्या संस्थापक सदस्य. निवृत्तीनंतर त्या मुंबई सोडून नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात राजूरला जाऊ लागल्या. तिथे आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास आणि गावच्या बायकांना आरोग्याचे शिक्षण, हे त्यांचे शेवटचे मोठे काम. एप्रिल 2001 मध्ये त्या गेल्या.