विंचेस्टर रायफल : इतिहास आणि जुन्या नगाचे मूल्यनिर्धारण

तरफेच्या साहाय्याने काडतूस बदलणारी अमेरिकन आवर्ती बंदूक. चापाभोवतीचे कडे हीच हिची तरफ होय. ती खाली ढकलली म्हणजे झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते व घोडा चढतो. ती पुन्हा वर ओढली म्हणजे नवे काडतूस नळीच्या मागील कोठ्यात बसते. बहुतेक नमुन्यांत काडतुसांचा साठा मुख्य नळीखालच्या दुसऱ्या, बारीक नळीत असतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या पश्चिम भागात या बंदुकीचा मोठा प्रसार झाला व पुढे हरणाच्या शिकारीसाठी ती घरोघरी पोहोचली. त्यामुळे वारसाहक्काने आलेल्या जुन्या रायफलची किंमत किती, हा प्रश्न तेथे वारंवार उपस्थित होतो. त्याचे उत्तर बंदुकीच्या वयापेक्षा तिच्या इतिहासात शोधावे लागते.

ऐतिहासिक विकास : वॉल्टर हंट याने १८४८-४९ च्या सुमारास केलेल्या प्रयोगांतून या यंत्रणेची कल्पना पुढे आली. होरेस स्मिथ व डॅनियल वेसन यांनी ती सुधारली आणि १८५५ मध्ये व्होल्कॅनिक कंपनी स्थापन झाली. या कंपनीच्या भागधारकांपैकी ऑलिव्हर विंचेस्टर (१८१०–८०) हा मूळचा सदऱ्यांचा कारखानदार. कंपनी डबघाईस आल्यावर त्याने तिची मालमत्ता ताब्यात घेऊन १८५७ मध्ये न्यू हेवन (कनेक्टिकट राज्य) येथे नवा उद्योग उभारला. त्याच्याकडील कारागीर बेंजामिन टायलर हेन्री याने १८६० मध्ये एकस्व घेतलेली रायफल अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) वापरली गेली. तिचे सुमारे १४,००० नगच तयार झाले. १८६६ मध्ये विंचेस्टरच्या नावाची कंपनी अस्तित्वात आली. त्याच वर्षीच्या नमुन्यात नेल्सन किंग याने काडतुसे बाजूच्या झडपेतून भरण्याची सोय केली. १८७३ चा नमुना विशेष लोकप्रिय ठरला. लिटल बिगहॉर्नच्या लढाईत (१८७६) अमेरिकन घोडदळाचा पराभव करणाऱ्या सू व शायेन योद्ध्यांजवळही हेन्री व विंचेस्टर बंदुका होत्या, हे १९८४-८५ मधील उत्खननांत सापडलेल्या पुंगळ्यांवरून स्पष्ट झाले आहे.

यानंतरचे महत्त्वाचे नमुने जॉन ब्राउनिंग या अभिकल्पकाचे आहेत : १८८६, १८९२, १८९४ व १८९५. यांपैकी १८९४ चा नमुना सर्वाधिक खपला. प्रारंभी तो काळ्या दारूच्या काडतुसांसाठी होता. १८९५ मध्ये निकेल-पोलादाच्या नळीसह निर्धूम दारूचे.३०-३० काडतूस त्यासाठी उपलब्ध झाले. या नमुन्याचा दहा लाखावा नग १९२७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना व वीस लाखावा १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहौअर यांना भेट देण्यात आला. न्यू हेवन येथील कारखाना २००६ मध्ये बंद पडेपर्यंत सत्तर लाखांहून अधिक नग तयार झाले होते. एवढी विपुलता असल्यामुळे केवळ ‘आजोबांच्या वेळची’ म्हणून या रायफलला मोठी किंमत येत नाही.

निर्मितिवर्ष व १९६४ ची सीमारेषा : मूल्यनिर्धारणाची पहिली पायरी म्हणजे नमुना, काडतुसाचा प्रकार व अनुक्रमांक यांची निश्चिती. १९६४ मध्ये खर्च कमी करण्यासाठी कंपनीने उत्पादनपद्धती बदलली. पोलाद कोरून घडविलेल्या काही भागांची जागा पत्र्याच्या ठशीव भागांनी घेतली, भरीव खिळ्यांऐवजी पोकळ खिळे आले आणि यंत्रपेटीची धातू बदलल्यामुळे तिच्यावर पूर्वीसारखी निळसर झिलई बसेना. शिकाऱ्यांना हा बदल रुचला नाही. १८९४ च्या नमुन्यात नव्या पद्धतीचे अनुक्रमांक २७,००,००० पासून सुरू होतात. त्याआधीच्या बंदुकीला समान स्थितीत अधिक किंमत मिळते. दुसरी सीमारेषा कायद्याची आहे. अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय कायद्यानुसार १८९८ किंवा त्यापूर्वी तयार झालेली बंदूक पुरातन ठरते व तिच्या विक्रीवरील अनेक निर्बंध शिथिल होतात. मात्र प्रचलित अनुक्रमांक-सूची व कारखान्याच्या नोंदी यांतील वर्षे सर्वत्र जुळत नाहीत. म्हणून सीमेवरील नगाबाबत लेखी पुरावा मिळविणे इष्ट असते. वायोमिंग राज्यातील कोडी येथील शस्त्रसंग्रहालयात कारखान्याच्या मूळ नोंदवह्या जतन केल्या असून १८९४ च्या नमुन्यासाठी ३,५३,९९९ या अनुक्रमांकापर्यंतच्या नोंदींचा उतारा तेथून मिळू शकतो.

स्थिती व अस्सलपणा : अमेरिकेच्या राष्ट्रीय रायफल संघटनेने पुरातन शस्त्रांसाठी स्थितीच्या श्रेणी ठरविल्या आहेत. मूळ झिलई ८० टक्क्यांहून अधिक शिल्लक असल्यास ‘उत्कृष्ट’, ३० टक्क्यांहून अधिक असल्यास ‘उत्तम’ आणि त्याहून कमी असल्यास ‘फार चांगली’ अशी विभागणी असून त्याखाली ‘चांगली’, ‘साधारण’ व ‘निकृष्ट’ या श्रेणी येतात. झिलईबरोबरच नळीच्या आतील आटे, लाकडी दस्त्यावरील तडे, स्क्रूंची डोकी व यंत्रणेची हालचाल हेही तपासतात. तपासणीपूर्वी बंदूक रिकामी आहे याची खात्री करणे अत्यावश्यक आहे. जुनी बंदूक जाणकार कारागिराने पाहिल्याखेरीज झाडू नये.

विक्रेत्यांची सर्वांत नेहमीची चूक म्हणजे विक्रीपूर्वी बंदूक ‘नवी’ करणे. घासून पुन्हा झिलई चढविलेल्या बंदुकीवरील अक्षरे पुसट होतात, कडा गोलावतात, स्क्रूंच्या छिद्रांभोवती खळगे पडतात आणि लाकूड लगतच्या धातूपेक्षा खाली जाते. जाणकारास ही चिन्हे तत्काळ दिसतात व किंमत मोठ्या प्रमाणावर घटते. दुर्बीण बसविण्यासाठी पाडलेली छिद्रे, कापलेली नळी किंवा बदललेला दस्ता यांचाही परिणाम असाच होतो. झीज हा वापराचा पुरावा असतो. ती पुसून टाकणे म्हणजे दस्तऐवजावरील मजकूर खोडण्यासारखेच होय.

दुर्मिळता व पूर्वेतिहास : अष्टकोनी नळी, आखूड काडतूसनळी, दोन भागांत सुटणारी रचना किंवा कोरीवकाम अशी मागणीनुसार केलेली वैशिष्ट्ये किंमत वाढवितात, परंतु ती मूळची आहेत हे नोंदवहीवरून सिद्ध व्हावे लागते. १८७३ च्या नमुन्यातील निवडक अचूक नळ्यांच्या बंदुका कंपनीने ‘हजारातील एक’ या नावाने १०० डॉलरला विकल्या. त्या दीडशेहूनही कमी आहेत. १९५० च्या ‘विंचेस्टर ’७३’ या चित्रपटाच्या निमित्ताने त्यांचा शोध घेण्यात आला, तेव्हापासून संग्राहकांचे कुतूहल वाढले. याउलट १९६६ मध्ये कंपनीच्या शताब्दीनिमित्त काढलेल्या स्मारक-रायफलचे एक लाखाहून अधिक नग निघाल्यामुळे तिला दुर्मिळ म्हणता येत नाही. पूर्वेतिहासाचे टोकाचे उदाहरण म्हणजे १८८६ च्या नमुन्याचा पहिला नग. जेरोनिमोच्या पाठलागाशी संबंधित कॅप्टन हेन्री लॉटन यांना भेट मिळालेली ही रायफल २०१६ मध्ये लिलावात १२ लाख ६५ हजार डॉलरला विकली गेली. कागदोपत्री आधार नसलेल्या कौटुंबिक आख्यायिकेस मात्र बाजारात मोल नसते.

किंमत ठरविणे : वरील बाबी निश्चित झाल्यावर समान नमुना, वर्ष व स्थिती असलेल्या बंदुकांच्या प्रत्यक्ष झालेल्या विक्रीशी तुलना करतात. मागितलेली किंमत ही मिळालेली किंमत नव्हे. व्यापारी आपला नफा व लिलावगृह आपले कमिशन वजा करीत असल्याने विक्रेत्याच्या हाती येणारी रक्कम छापील मूल्यसूचीतील आकड्यापेक्षा कमी असते. म्हणून अंदाज एका आकड्यात न देता किमान व कमाल मर्यादांत देणे योग्य ठरते.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये केवळ निर्मितिवर्षावरून सूट मिळत नाही. पुरातन मूल्याचे शस्त्र दुरुस्तीनंतरही बंदूक म्हणून वापरता येणार नसेल, तरच ते या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. त्यामुळे अमेरिकेतील मूल्यसूची येथील व्यवहारास लागू पडत नाही.

जुन्या रायफलचे मूल्य शेवटी तिच्यावर शिल्लक राहिलेल्या मूळ खुणांवर अवलंबून असते. एकदा पुसल्या गेलेल्या खुणा कोणत्याही कारागिरास परत आणता येत नाहीत. म्हणून वारसाने आलेल्या बंदुकीबाबत प्रथम नोंद, मग तपासणी आणि शेवटी विक्री हाच क्रम पाळणे श्रेयस्कर होय.