मापाचं माप

मालवण तालुक्यातलं धामापूर ओळखलं जातं ते तिथल्या तलावामुळं. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० मध्ये तो बांधून घेतला, आणि २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन रचनांच्या यादीत त्याचं नाव लागलं. काठावर भगवतीचं देऊळ आहे. या देवीची गोष्ट आमच्या भागात ठाऊक नाही असा माणूस विरळा. लग्नकार्यात ज्याच्या घरी दागिने नसत, त्यानं तळ्यात फुलांची परडी सोडायची. परडी बुडायची आणि दागिन्यांनी भरून वर यायची. कार्य उरकलं की दागिने परत. पुढं कुणीतरी ते परत केले नाहीत, आणि देवीचं देणं थांबलं.

या गोष्टीत मला नेहमी एक प्रश्न पडतो. एखाद्यानं दागिने परत केले असते, पण मधल्या मधे सोनं बदलून? देवीला कळलं असतं, हे मान्य. माणसाला कसं कळावं?

सोनारानं यावर फार जुना उपाय शोधला आहे. काळ्या दगडावर दागिना घासायचा आणि शेजारी कस माहीत असलेल्या सोन्याची रेघ ओढायची. दोन्ही रेघांवर तेजाब लावून रंग ताडून पाहायचा. कस, कसोटी, कसाला लागणं, हे सगळं आपल्या भाषेत या दगडावरून आलं. दगडाचं नाव झालं, पण खरा न्यायाधीश ती शेजारची रेघ आहे. ती खोटी निघाली तर सगळे निकाल खोटे.

मुंबईच्या टांकसाळीत आणि हॉलमार्किंगच्या केंद्रांत हेच काम आगीनं करतात. दागिन्याचा पाव ग्रॅमच्या आसपासचा तुकडा चांदीसोबत शिशाच्या पत्र्यात गुंडाळायचा आणि हजार अंशांच्या वर तापलेल्या भट्टीत ठेवायचा. शिसं इतर धातूंना घेऊन मुशीत जिरतं, सोन्याचांदीचा मणी उरतो. तो ठोकून, लाटून नायट्रिक आम्लात उकळला की चांदी विरघळते. उरलं ते सोनं, त्याचं वजन करायचं. यात थोडं सोनं वाटेत हरवतं, कधी थोडी चांदी चिकटून राहते. म्हणून प्रत्येक खेपेला त्याच भट्टीत, त्याच आम्लात, शुद्धता ठाऊक असलेल्या सोन्याचा एक तुकडा साक्षीदार म्हणून ठेवतात. त्याच्यात जेवढा फरक पडला, तेवढा बाकीच्यांच्या हिशेबात सुधारून घ्यायचा.

आणि साक्षीदाराची साक्ष कोण काढणार? भाभा अणुसंशोधन केंद्र, दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा आणि मुंबईची टांकसाळ यांनी मिळून गेल्या दशकाच्या अखेरीस ९९.९९ टक्के शुद्धतेचं संदर्भसोनं देशातच तयार केलं. त्याचं नाव भारतीय निर्देशक द्रव्य, क्रमांक ४२०१. दहा लाख भागांत अशुद्धी फार तर शंभर भाग. असं द्रव्य करताना ते सगळीकडे सारखं आहे ना, हे आधी पाहावं लागतं. आमटीच्या पातेल्यात वर पाणी आणि तळाला डाळ असते; एका वाटीवरून आमटीची परीक्षा होत नाही. म्हणून निरनिराळ्या जागांचे तुकडे घेऊन, प्रत्येक दोन-दोनदा तपासून, त्यांच्यातला फरक मोजतात.

दुसरी परीक्षा टिकण्याची. सोनं यात भाग्यवान, ते गंजत नाही, विटत नाही. बाकीच्यांचं तसं नाही. पॅरिसजवळ सेव्हर इथं प्लॅटिनम आणि इरिडियमचा एक दंडगोल १८८९ पासून साऱ्या जगाचा किलोग्रॅम होता. काचेच्या तीन घंटांखाली तो झाकून ठेवलेला. भारताकडे त्याची ५७ क्रमांकाची प्रत आहे. पण शंभर वर्षांनी मूळ आणि त्याच्या प्रती समोरासमोर ठेवल्या, तर त्यांच्यात पन्नास मायक्रोग्रॅमच्या आसपास अंतर पडलेलं. म्हणजे तांदळाच्या दाण्याचा सुमारे चारशेवा भाग. गंमत अशी, की व्याख्येनं तोच किलो असल्यामुळं त्याला चुकला म्हणायची सोय नव्हती. चुकलं असेल तर जग! अखेर २० मे २०१९ पासून किलोग्रॅम वस्तूवरून काढून प्लँकच्या स्थिरांकावर बसवला. वजन हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला. गझल लिहिणारे आम्ही वृत्तालाही वजनच म्हणतो. तिथं लगावली एकदा ठरली की ती जुनी होत नाही, एवढं आमचं सुख.

प्रयोगशाळेतल्या माणसाला हे सुख नाही. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये आपली द्राक्षं कीडनाशकांच्या अंशांवरून अडली. त्यातून निर्यातीच्या द्राक्षांची तपासणी बांधून घेण्यात आली, आणि पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातली प्रयोगशाळा बाकीच्या प्रयोगशाळांची संदर्भ प्रयोगशाळा झाली. तरीही २०१० मध्ये वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाटनं घात केला. शेतकरी त्याला सीसीसी म्हणतात. तपासायच्या यादीत ते नव्हतंच, म्हणून कुणी शोधलं नव्हतं. युरोपनं शोधलं, आणि कंटेनर बंदरांत अडकले. कर्ज काढून पिकवलेला माल होता तो.

हे अंश शोधायलाही शेजारची रेघ लागते. ती म्हणजे काचेच्या कुपीतलं शुद्ध रसायन. पण कुपीतलं रसायन झिजतं. ते विघटित झालं तर यंत्रावर त्याची खूण लहान उमटते, आणि तिच्याशी ताडून पाहिल्यावर द्राक्षातला अंश आहे त्याहून मोठा दिसतो. निर्दोष शेतकऱ्याचा माल नापास. उलट, कुपीतलं द्रावक उडून गेलं तर द्रावण घट्ट होतं, आणि दोषी माल सुखरूप सुटतो. मला यातला पहिला प्रकार अधिक क्रूर वाटतो, कारण त्या शेतकऱ्याकडे दाद मागायला पुरावाच नसतो.

म्हणून कुप्यांची मुदत अंदाजानं लिहीत नाहीत. काही कुप्या खोल गोठणात ठेवतात, काही साध्या फ्रिजमध्ये, काही खोलीच्या तापमानाला, काही मुद्दाम चाळीस अंशांत. ठराविक महिन्यांनी एकेक गट काढून गोठणात नेतात, आणि शेवटी सगळ्या एकाच दिवशी, एकाच यंत्रावर तपासतात. वेगवेगळ्या दिवशी तपासल्या तर यंत्राची लहर कुठली आणि रसायनाची झीज कुठली, हे वेगळं करता येत नाही. त्यातून उतरती रेघ निघते का हे पाहून मुदत ठरते. ती न उघडलेल्या कुपीची. कुपी उघडली की हिशेब नव्यानं सुरू होतो, म्हणून नीट चालणाऱ्या प्रयोगशाळेत कुपीच्या चिठ्ठीवर तीन तारखा असतात: आली कधी, उघडली कधी, टाकायची कधी. आणि उघडणाऱ्याची सही.