टाकीतला मासा

परवा सहा ऑगस्ट झाला. दरवर्षीप्रमाणे ग्रुपवर तो छत्रीसारखा ढग फिरला, हात जोडलेले इमोजी आले आणि दुपारपर्यंत विषय संपला. मला मात्र या आठवड्यात दरवर्षी एक पत्रकार आठवतो, विल्यम लॉरेन्स. आमच्याच धंद्यातला, आणि धंद्यात फार वर पोचलेला. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

लॉरेन्स १८८८ चा. जन्म लिथुआनियातला, तेव्हा तो मुलूख रशियाच्या झारकडे होता. १९०५ च्या उठावात पोरगा तिथून पळाला. लोणच्याच्या पिंपात लपून सरहद्द ओलांडली, असं तो सांगायचा. खरं-खोटं तोच जाणे, पण गोष्ट सांगायची हातोटी तेव्हापासूनची! अमेरिकेत हार्वर्डला शिकला आणि १९३० मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये विज्ञानाचा बातमीदार म्हणून लागला. प्रयोगशाळेत काय चाललंय ते सकाळी बसमध्ये पेपर वाचणाऱ्याला कळलं पाहिजे, असं काम तोवर फार थोडे लोक करत होते.

१९३७ चं पुलित्झर अशा पाच जणांना मिळून दिलं गेलं. त्यात लॉरेन्स होता, आणि आपले गोबिंद बिहारी लाल पण होते. दिल्लीचे. गदर पक्षात होते, त्यापायी अमेरिकेत तुरुंगात गेले, आणि पुढे हर्स्टच्या वृत्तपत्रांसाठी आयुष्यभर विज्ञान लिहीत राहिले. आपले खानखोजे आणि पिंगळे ज्या गदरमध्ये होते, तोच हा पक्ष. भारत सरकारनं १९६९ मध्ये लालना पद्मभूषण दिलं. आमच्या डिप्लोमाच्या वर्गात हे नाव एकदाही ऐकलं नाही. त्यांच्यावर वेगळी पोस्ट लिहीन, आज लॉरेन्स.

मे १९४० मध्ये लॉरेन्सनं टाइम्सच्या पहिल्या पानावर युरेनियमची बातमी केली. युरेनियमचा एक दुर्मीळ प्रकार वेगळा काढता आला तर त्यातून अफाट शक्ती मिळेल, असा मजकूर. हिरोशिमाच्या पाच वर्षं आधी! सरकारचं लक्ष गेलंच असणार. १९४५ च्या वसंतात अणुबॉम्ब प्रकल्पाचा प्रमुख जनरल ग्रोव्ह्ज टाइम्सच्या कचेरीत आला आणि त्यानं लॉरेन्सला मागून घेतलं. पुढचे काही महिने लॉरेन्स युद्धखात्याच्या कामावर. बॉम्ब पडल्यानंतर जगानं जी सरकारी पत्रकं वाचली, त्यातली बरीचशी त्यानं आधीच लिहून ठेवली होती. टाइम्सनं हे लपवलं नाही, उलट मिरवलं.

१६ जुलैला न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिला चाचणी स्फोट झाला, तो त्यानं सुमारे वीस मैलांवरून पाहिला. ९ ऑगस्टला नागासाकीवर बॉम्ब पडला, तेव्हा तो सोबतच्या विमानात होता. त्यावरचा त्याचा लेख आजही अंगावर काटा आणतो. धुराचा खांब त्याला जिवंत प्राण्यासारखा दिसतो. वाचताना आपण त्याच्याबरोबर हजारो फुटांवर असतो. खाली माणसं आहेत, हे लेख संपल्यावर आठवतं.

खाली गेला तो दुसराच. विल्फ्रेड बर्चेट, ऑस्ट्रेलियन, लंडनच्या डेली एक्स्प्रेसचा. हिरोशिमाला जायला परवानगी नव्हती. हा गडी टोकियोहून एकटाच आगगाडीत बसला आणि ३ सप्टेंबरला पोचला. ढिगाऱ्यावर टाइपरायटर ठेवून त्यानं लिहिलं, की स्फोटात ज्यांना खरचटलंही नाही ती माणसं महिन्यानंतर मरताहेत. केस गळतात, हिरड्यांतून रक्त येतं, ताप चढतो. डॉक्टरांना कारण माहीत नाही. ५ सप्टेंबरला हे छापून आलं आणि अमेरिकेची पंचाईत झाली.

मग ग्रोव्ह्जनं काय केलं? ९ सप्टेंबरला तीसेक पत्रकारांना दौऱ्यावर नेलं. हिरोशिमाला नाही, न्यू मेक्सिकोला! चाचणी झालेल्या वाळवंटात. बुटांवर पांढरे कापडी खोळ चढवले, मीटर लावून दाखवला, बघा, आठ आठवड्यांत जमीन कशी निवळली. १२ सप्टेंबरच्या टाइम्समध्ये लॉरेन्सची बातमी आली, की जपानी लोक सांगतात त्या किरणोत्सारी मरणाच्या गोष्टी इथल्या आकड्यांपुढे टिकत नाहीत, तो सहानुभूतीसाठीचा प्रचार आहे.

इथे थोडं विज्ञान. हिरोशिमाचा बॉम्ब जमिनीपासून साधारण सहाशे मीटर उंचीवर फुटला. माणसांना किरणांचा मारा बसला तो मुख्यतः स्फोटाच्या त्या क्षणांत. त्यानं हाडांमधली रक्त तयार करणारी मज्जा जळाली. अंगात आधीचं रक्त असतं, त्यामुळे माणूस काही दिवस चालता-बोलता राहतो. मग पांढऱ्या पेशी संपतात आणि साधा संसर्गही झेपत नाही. आता दोन महिन्यांनी भलत्याच देशातल्या जमिनीला मीटर लावून यातलं काय कळणार? दुपारच्या उन्हात माणूस चक्कर येऊन पडला आणि आपण रात्री जाऊन फरशी हातानं चाचपली, तर ती गारच लागणार. मीटर खोटा नव्हता. नेला होता भलतीकडे.

मी लॉरेन्सला हसत नाही, त्याला कारण आहे. माझी नोकरी नवी होती, सव्वीस-सत्तावीसचा असेन. खाडीत मासे मरून वर येत होते, आणि वरच्या अंगाच्या एका कारखान्यानं पत्रकारांचा दौरा काढला. एसी गाडी, जेवण, फोल्डर. सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट दाखवला. शेवटी एक सिमेंटची टाकी, त्यात शुद्ध केलेलं पाणी आणि त्या पाण्यात पोहणारे मासे. साहेब म्हणाले, अजून काय पुरावा पाहिजे? मी भारावलो. जिवाणू घाण कसे खातात, हवा कशाला सोडतात, सगळं सोप्या भाषेत लिहिलं, अर्धा पान. संपादक खूश. कॉलेजच्या सरांनी फोन करून शाबासकी दिली.

त्या आठवड्यात बाजारात मासे घेताना तिथल्या एका मावशींनी मला ओळखलं. म्हणाल्या, "काय रे दादा, टाकीतला मासा बघितलास. खाडीतला कधी बघणार?" मी काहीतरी बोललो आणि निघालो. सुटे पैसे घ्यायचे राहिले.

माझ्या लेखात एकही वाक्य खोटं नव्हतं. प्लांट तसाच चालतो. पण तो रात्री चालू असतो का, सगळं पाणी त्यातूनच जातं का, हे मी विचारलंच नव्हतं. आणि खाडी माझ्या घरापासून सायकलवर पंधरा मिनिटं. तिचं पुढे काय झालं ते इथल्यांना सांगायला नको.

लॉरेन्सला १९४६ मध्ये पुन्हा पुलित्झर मिळालं, नागासाकीच्या लेखासाठी आणि बॉम्बवरच्या दहा लेखांच्या मालिकेसाठी. ते काढून घ्या अशी मागणी अमेरिकेतल्याच पत्रकारांनी २००४ मध्ये केली. शिकागो डेली न्यूजचा जॉर्ज वेलर सप्टेंबर १९४५ मध्येच नागासाकीला पोचला होता, त्याच्या बातम्या लष्करी सेन्सॉरनं दाबल्या. कार्बन कॉप्या त्याच्या मृत्यूनंतर मुलाला सापडल्या, पुस्तक निघालं २००६ मध्ये. आणि ऑगस्ट १९४६ मध्ये जॉन हर्सीनं सहा वाचलेल्या माणसांची गोष्ट लिहिली, न्यू यॉर्करनं अख्खा अंक तिला दिला. गोष्टच, पण जमिनीवरून सांगितलेली.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण, मागच्या आठवड्यात पुन्हा निमंत्रण आलंय. प्रकल्प वेगळा, फोल्डर आता पीडीएफमध्ये. दौरा बुधवारी आहे आणि मी जाणार आहे, पाण्याच्या तपासणीचे आकडे मागणार आहे. पण मंगळवारी सकाळी ओहोटीला खाडीत होडी ठरवली आहे. सोबत दोन स्वच्छ बाटल्या नेतोय. होडीत आणखी तिघांना जागा आहे. खाडीकाठच्या कुणी यायचं असेल तर सोमवारपर्यंत कळवा, आणि मेलेल्या माशांचे फोटो असतील तर तारखेसकट पाठवा.