प्रतिमा, तबकडी आणि बालगंधर्व

लोकप्रिय कलावंताची प्रतिमा म्हणजे त्याच्या गुणवत्तेची सावली नव्हे. ती अनेक हातांनी घडवलेली संहिता असते आणि संहितेप्रमाणेच ती वाचावी लागते. मराठी समीक्षेने बालगंधर्वांच्या गायकीचे भरभरून वर्णन केले. त्यांच्या प्रतिमेच्या घडणीची चिकित्सा मात्र त्या मानाने थोडी झाली.

नारायण श्रीपाद राजहंस (१८८८-१९६७) १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. ‘बालगंधर्व’ हे नाव लोकमान्य टिळकांनी दिले, ही कथा सर्वश्रुत आहे. तिच्या सत्यतेइतकेच तिचे कार्यही तपासले पाहिजे. राष्ट्रपुरुषाच्या मुखातून आलेल्या या नावाने स्त्रीवेषधारी नट प्रतिष्ठित समाजाच्या अभिमानाचा विषय ठरला. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले यांच्यासह झालेल्या ‘संयुक्त मानापमान’ने या नात्यावर शिक्कामोर्तब केले.

भामिनी, रुक्मिणी, सिंधू या भूमिकांतून कुलीन स्त्रीत्वाचा एक आदर्श उभा राहिला. पांढरपेशा घरांतील स्त्रिया त्याच्या पेहरावाचे अनुकरण करू लागल्या. म्हणजे पुरुषाने रचलेली स्त्री खऱ्या स्त्रीचे प्रमाण झाली.

तबकडीने या प्रतिमेचे स्वरूप पालटले. रंगभूमीवर ‘वन्समोअर’गणिक वाढत जाणारे पद तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांत बसवावे लागे. विस्तार गेला, उरला तो आवाज, देहापासून सुटलेला. आजच्या धाराशिव जिल्ह्यातील जळकोट १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. अशा गावच्या श्रोत्याला मुंबई-पुण्याचा प्रयोग दुर्लभ. तबकडी मात्र सोलापूरच्या वाटेने त्याच्यापर्यंत पोचू शकत होती. न पाहिलेल्या नटाची मूर्ती त्याला आवाजावरूनच कल्पावी लागणार. प्रतिमेला नटाच्या उपस्थितीची गरज उरली नाही, ती या टप्प्यावर.

कॅमेऱ्याने नेमके उलट केले. प्रभातच्या ‘धर्मात्मा’त (१९३५) ते एकनाथांच्या, म्हणजे पुरुषाच्या, भूमिकेत दिसले. रंगमंचावरील अंतराने आणि दिव्यांनी जे राखले होते, ते जवळून टिपणाऱ्या भिंगापुढे राखणे कठीण होते.

प्रतिमेची खरी कसोटी मात्र गोहरबाई कर्नाटकी यांच्या सहवासाने लागली. भारतातील ध्वनिमुद्रणाच्या आरंभी, १९०२ मध्ये, कलकत्त्याच्या गौहरजान यांच्यासारख्या व्यावसायिक गायिकाच पुढे होत्या. प्रतिष्ठित मराठी रंगभूमीने मात्र अशा स्त्रियांना दूर ठेवून त्यांची जागा स्त्रीवेषधारी पुरुषाला दिली. पुढे एक गायिका बालगंधर्वांच्याच जीवनात व मंडळीत आली, तेव्हा रसिकांच्या एका मोठ्या वर्गाला ती उपरी वाटली. त्यांच्या उतरत्या काळाचा दोष तिच्या पदरी घालण्याची वृत्ती चरित्रपर लेखनातही डोकावते. मंडळीवरील कर्ज मात्र त्याआधीचे होते.

तेव्हा या रोषाचे मूळ व्यक्तीच्या वर्तनात शोधण्यापेक्षा प्रतिमेच्या रचनेत शोधावे लागते. जिला वगळून हा आदर्श सिद्ध झाला होता, तीच त्याच्या घरात येऊन उभी राहिली होती. बालगंधर्वांचे गाणे आजही ऐकावे. परंतु त्या गाण्याभोवती उभारलेल्या मखराचा इतिहास लिहिताना मखराबाहेर ठेवलेल्यांची नोंद टाळता येणार नाही.